दोन पासपोर्ट आणि एक पेठ



या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिका वाटल्या गेल्या त्या संध्याकाळी मला दोन फोन आले. पहिला म्हणाला, ‘जपानी फुटबॉलपटू’ ही छपाईची चूक आहे का? दुसऱ्यानं तेवढंही सौजन्य दाखवलं नाही. म्हणाला, ‘आपल्या पेठेत खेळाडू संपले काय?’ मला बरं वाटलं. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं आणि कुणी आधीच अंगावर आलं नाही, तर समजावं की माणसं आजारी आहेत.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते सर आम्हाला भूगोल शिकवायचे. जपान शिकवताना फळ्यावर चार बेटं काढायचे आणि मधल्या मोठ्या होन्शू बेटाची शेपटी पश्चिमेला कुठं संपते तिथं खडूनं एक ठिपका द्यायचे. त्या ठिपक्याचं नाव शिमोनोसेकी. तिथलं बंदर, तिथं झालेला १८९५ चा तह, हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. त्याच शिमोनोसेकीत ३१ जुलै १९८२ रोजी एक मुलगा जन्मला. आई जपानी, वडील गुजराती. मुलाचं नाव अराता इझुमी. या माणसानं आपल्या उमेदीची वर्षं मुंबईत आणि पुण्यात काढली. कोल्हापूरपासून पुणं किती लांब? सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. दाजीपूरच्या जंगलात गवे बघायला आपण पहाटे तीनला उठून जातो, पण पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर जाऊन याला बघून आलेले या सभागृहात किती? हात वर करा. चार. त्यातला एक मी.

हा माणूस इकडं आला कसा, ते कळायला आधी थोडं जपानकडं बघावं लागेल. आपण एक गोष्ट अभिमानानं सांगतो, आणि ती खरी आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं जपानला २-० नं हरवलं आणि पुढं सुवर्णपदक आणलं. त्यानंतर सहा वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपाननं कांस्यपदक घेतलं आणि आपण जकार्ताची गोष्टच सांगत राहिलो. पण जपानचा देशांतर्गत फुटबॉलही तेव्हा फार भारी नव्हता. १९६५ पासून तिथं जी लीग चालायची ती कंपन्यांची लीग होती: मित्सुबिशी, फुरुकावा, हिताची, यान्मार. खेळाडू म्हणजे कंपनीचे नोकर. सकाळी ऑफिस, दुपारनंतर सराव. आपल्या मुंबईत मफतलाल, टाटा, महिंद्रा यांच्या टीमा होत्या ना, तसंच. स्टेडियम अर्धं मोकळं. चांगल्यातला चांगला खेळाडू बाहेर पडायला बघायचा. यासुहिको ओकुदेरा १९७७ मध्ये जर्मनीत कलोनला गेला. काझुयोशी मिउरा तर १९८२ मध्ये पंधराव्या वर्षी शाळा सोडून ब्राझीलला गेला. आज आपलं पोरगं पंधराव्या वर्षी पुण्याला जातो म्हटलं तरी घरात आठ दिवस चूल नीट पेटत नाही.

मग १५ मे १९९३ ला जे-लीग सुरू झाली. दहा क्लब. आणि या लीगचा प्रमुख साबुरो कावाबुची यानं एक अट घातली. तो स्वतः फुरुकावाचा जुना खेळाडू, कंपनीचाच माणूस, हे लक्षात ठेवा. अट अशी की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव पाहिजे. मित्सुबिशीची टीम उरावाची झाली. निस्सानची योकोहामाची. मात्सुशिताची ओसाकाची. एका बड्या वृत्तपत्रसमूहाला हे पचलं नाही, पैसे आम्ही द्यायचे आणि नाव गावाचं लावायचं होय, म्हणून बरीच वर्षं खडाजंगी चालली. कावाबुची हटला नाही.

यातलं काशिमाचं उदाहरण मला कोल्हापूरकरांना मुद्दाम सांगायचं आहे. काशिमा हे समुद्राकाठचं गाव. तेव्हाची वस्ती पन्नास हजाराच्याही आत. पोलादाचा कारखाना, आणि त्या कारखान्याची दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये खेळणारी टीम. त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला या लीगमध्ये जागा मिळणं जवळजवळ अशक्य आहे, छपराचं स्टेडियम बांधून दाखवलंत तर बघू. गावानं आणि कारखान्यानं मिळून स्टेडियम बांधलं. ब्राझीलच्या झिकोला आणलं. पहिल्याच मोसमाचा पहिला टप्पा काशिमा अँटलर्सनी जिंकला. हाच झिको पुढं २०१४ ला एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून फातोर्ड्याच्या बाकावर येऊन बसला. बांद्यापलीकडं, आपल्या दारात. काशिमाच्या दसपट वस्तीचं आपलं शहर. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख. छपराचं म्हणाल तर, आपल्या स्टेडियमवर उन्हात डोक्याला रुमाल बांधून बसायची कला आपण पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे.

जे-लीग सुरू झाली तेव्हा इझुमी दहा वर्षांचा होता. म्हणजे ज्या वयात आपली पोरं गल्लीत दोन चपला ठेवून गोलपोस्ट करतात त्या वयात त्याच्या देशात व्यावसायिक फुटबॉल जन्माला आला. लाखो पोरं त्या लाटेवर आली. आणि लाट मोठी असली की काठावर सगळेच पोचत नाहीत. इझुमी जे-लीगमध्ये पोचला नाही. इथं त्याची जाहिरात करायला मी उभा नाही, म्हणून हे स्पष्टच सांगतो. तो सिंगापूरला गेला. तिथं आल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबचा एक संघ तेव्हा सिंगापूरच्या लीगमध्ये खेळायचा, सगळे खेळाडू जपानी. परदेशातली ही जपानी पेठच म्हणा ना. जपानमध्ये तो मित्सुबिशीच्या मिझुशिमा कारखान्याच्या टीमकडूनही खेळला. वरच्या पातळीवर कंपन्यांची नावं गेली होती, खालच्या पातळीवर ती अजून होती.

आणि २००६ मध्ये तो कोलकात्याला, ईस्ट बंगालला आला. बापाच्या देशात, पण परदेशी खेळाडू म्हणून. पुढं मुंबईत महिंद्रा युनायटेड. मुंबईच्या कूपरेजवर ज्यांनी महिंद्रा पाहिली त्यांना ठाऊक आहे की त्या टीमचा थाट काय होता. २००८ चा ड्युरँड करंडक त्यांनी जिंकला. २००९ ला इझुमी पुण्याला, पुणे एफसीकडे आला आणि तिथं रमला. पीरामल उद्योगसमूहानं दोनच वर्षांपूर्वी काढलेला क्लब. डेरिक परेरा हा गोव्याचा माणूस प्रशिक्षक. आय-लीगच्या पहिल्याच मोसमात ते तिसरे आले आणि २०१२-१३ ला उपविजेते झाले. महाराष्ट्रातल्या एखाद्या क्लबनं देशाच्या लीगमध्ये दुसरं येणं ही काय चीज आहे, ते आपल्याला तेव्हा कळलं नाही. आपण आपल्या कोल्हापूरच्या केएसए लीगच्या तक्त्यात गुंतलो होतो. मीही गुंतलो होतो.

बालेवाडीला मी पाहिलेला पुणे एफसीचा सामना मला आठवतो तो एका कारणासाठी. मैदानावरचं बोलणं ऐकू येत होतं. एवढं भव्य स्टेडियम, आणि गॅलरीत माणसं इतकी तुरळक की गोलरक्षक बॅकला काय सांगतोय, हाफ कुणाला ‘टर्न’ म्हणून ओरडतोय, बुटाचा चेंडूवर पडणारा टोला, सगळं स्वच्छ. शेजारी अकादमीची पोरं बसली होती. त्यांच्यातलं एक पोरगं दुसऱ्याला दाखवत होतं की चेंडू पायात येण्याआधी मधला खेळाडू किती वेळा मान वळवून मागं बघतो. बोटं मोजत होतं. ‘एक... दोन... आता बघ, घेतला.’ मी कोल्हापुरात आयुष्यभर फुटबॉल बघितला, पण मान मोजायची असते हे मला त्या पोरानं शिकवलं. आपल्या स्टेडियमवर मान कसली मोजता, शेजारचा काय म्हणतो तेही ऐकू येत नाही. आपण फक्त पायाकडं बघतो, आणि पंचाच्या आईवडिलांची चौकशी करतो.

पुण्याला क्लब होता, पेठ नव्हती. आपल्याकडं पेठा आहेत, क्लब नाही. ही तक्रार म्हणून मी सांगत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, या आपल्या टीमांची नुसती नावं घेतली तरी मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. हे पुण्याला कुठल्याही पैशानं विकत मिळालं नाही. फायनलला दुपारी दोन वाजता शहर अर्धं बंद. ‘ईर्षेचा सामना’ हा शब्द आपला आहे, तो आपल्या पेपरांशिवाय कुठं छापून येत नाही. सामनावीराबरोबर ‘लढवय्या खेळाडू’ निवडायचा रिवाजही आपलाच. पण हा लढवय्या वर्षभर काय करतो? नोकरी शोधतो. मोसमात पायाला लागलं तर पेठेतली माणसं वर्गणी काढतात, मनापासून काढतात, आणि पुढच्या मोसमात तो बरा झाला नसेल तर दुसरा लढवय्या येतो.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. महाराष्ट्रात इझुमी ज्या ज्या क्लबात खेळला त्यांचं काय झालं बघा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. डिंक वाळावा तसा पुणे एफसी हळूहळू आटत गेला आणि मालकांनी हात काढून घेतला. इंडियन सुपर लीग आली तेव्हा तो पुणे सिटीकडून खेळला. २०१५ च्या लिलावात कोलकात्याच्या क्लबनं त्याला ६८ लाखांना घेतलं, पुढं तो केरळ ब्लास्टर्सकडून खेळला. पुणे सिटी २०१९ ला मिटला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. तो हैदराबादचा संघही २०२५ मध्ये दिल्लीला हलला. आज बालेवाडीत उभं राहून ‘आमचा क्लब’ म्हणायला एक वीट शिल्लक नाही. आणि आपल्या पेठांतल्या तालमी? महापूर आले, करोना आला, तालीम जागच्या जागी. मालक नाही म्हणून बंद करायला कुणी नाही.

या दोन्हींच्या मधून वाट काढून गेलेली आपली पोरं आहेत. निखिल कदम घ्या. कोल्हापूरचा, पुणे एफसीच्या अकादमीत घडला आणि पुढं मोहन बागानची हिरवी-मरून जर्सी घालून कोलकात्यात खेळला. अनिकेत जाधवचं नाव तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, तिथून अकादमी, तिथून भारताचा सतरा वर्षांखालचा संघ. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत विश्वचषक. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तिन्ही सामने हरलो, पण कुठल्याही वयोगटात भारत फिफाच्या विश्वचषकात पहिल्यांदाच उतरत होता आणि त्यात कोल्हापूरचं पोरगं होतं. महिन्याभरानं इंडियन ॲरोजकडून गोव्यात बांबोळीला, आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध त्यानं दोन गोल मारले. पुढं २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला गेला. या क्लबचे मालक कोण, माहीत आहे? २०१० पासून वेंकीज, म्हणजे आपल्या पुण्याचेच कोंबड्यांवाले. पुण्याला स्वतःचा क्लब टिकवता आला नाही, पण लँकेशायरमधला एक क्लब त्याच्या मालकीचा आहे. कोल्हापूरचं पोरगं इंग्लंडला जातं ते पुण्याच्या कोंबडीमुळं, हे मी सांगितलं तर तुम्ही हसाल, हसा. मग जमशेदपूर, आणि मग हैदराबाद, म्हणजे पुणे सिटीच्या राखेतून आलेला तोच क्लब. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात लक्ष्मीकांत कट्टीमणीनं टायब्रेकरला तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता झाला, त्या संघात अनिकेत होता. त्याच महिन्यात त्याला भारताच्या मोठ्या संघाचं बोलावणं आलं.

आता पासपोर्टाकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

२००८ च्या अखेरीस केंद्र सरकारनं ठरवलं की भारताच्या संघात खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागेल. बाप भारतीय आहे, मूळ भारतीय आहे, हे चालणार नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, जपानचाही प्रौढ माणसाला देत नाही. म्हणजे एक ठेवायचा तर दुसरा सोडायचा. जपानी पासपोर्टवर दीडशेहून जास्त देशांत व्हिसा न काढता जाता येतं. आपला पासपोर्ट त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. शिवाय एकदा सोडला की म्हातारपणी आईला भेटायला जायचं तरी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. इझुमीनं तो सोडला. कागदोपत्री त्याचं नाव झालं नीलकंठ खंभोळजा. अर्ज, वास्तव्याचे पुरावे, कचेऱ्यांच्या चकरा, यात वर्षं गेली. फुटबॉलपटूची वर्षं म्हणजे बर्फाची लादी, तुम्ही बोलत राहता तोवर पाणी होतं. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताच्या निळ्या जर्सीत पहिल्यांदा उतरला तेव्हा तीस वर्षांचा होता. भारत तो सामना २-४ नं हरला. मार्चमध्ये म्यानमारला चॅलेंज कपची पात्रता फेरी, सप्टेंबरमध्ये काठमांडूला सॅफ स्पर्धा, तिथं अंतिम फेरीत अफगाणिस्तानकडून हार. एकूण सामने दहाच्या आतच.

माझे एक मित्र, फुटबॉलचे जाणकार, मला म्हणाले, ‘एवढ्यासाठी जपानचा पासपोर्ट? हिशेब चुकला.’ मी खूप दिवस यावर विचार केला. हिशेब पुण्याच्या क्लबचा नक्कीच जमला. परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली, हा भारतीय झाला की एक जागा मोकळी. देशाच्या संघाचा हिशेब तसा जमला नाही, मधल्या फळीत त्याच्या येण्यानं काही क्रांती झाली नाही. पण त्याचा स्वतःचा हिशेब सामन्यांच्या आकड्यात बसवायचा आपल्याला काय अधिकार? आज तो नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्सच्या अकादमीत पोरं घडवतो. जपानला परत गेला नाही. त्याच्यानंतर तब्बल बारा वर्षं कुणी ही वाट धरली नाही. २०२५ मध्ये बंगळुरूकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याच्या आईचं माहेर मुंबईचं.

आईचं माहेर म्हटलं की मला एक आठवण येते आणि ती सांगून मी बसतो. अध्यक्ष घड्याळाकडं बघताहेत, मला दिसतंय.

आमचं घर एका पेठेत, आईचं माहेर दुसऱ्या. पेठांची नावं सांगत नाही, कारण नाव सांगितलं की व्याख्यान संपायच्या आत दोन गट पडतील. मी तेव्हा सतरा वर्षांचा, डावा बॅक, बरा खेळायचो. एका गल्ली स्पर्धेत मामाच्या पोरांना एक खेळाडू कमी पडला. मामा सायकलवरून आला, चहा घेतला, आणि उठताना सहज म्हणाला, ‘उद्या ये की रं, एकच तर मॅच.’ मी गेलो. खेळलो. पुढच्या फेरीत गाठ पडली ती नेमकी आमच्याच पेठेशी, आणि त्यातही खेळलो. आम्ही, म्हणजे ते, जिंकलो.

संध्याकाळी आमच्या तालमीच्या कट्ट्यावर मी गेलो तर सगळे उठून गेले. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारे पैलवान तेवढे बसून होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मनापासून, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, ‘पोरा, तू नक्की कुणाचा?’ मला उत्तर आलं नाही.

मामानं दिलेली बनियन, पाठीवर रंगानं सात नंबर काढलेली, मी घरी आणून गादीखाली सारली होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर गादीखाली नव्हती. आईनं ती धुतली होती. आमच्या घरापुढं वाळत घालायची दोरी होती, रस्त्याकडेला, तिथं बाबांचा सदरा होता, माझी चड्डी होती, चादर होती. बनियन नव्हती. ती तिनं आत, स्वयंपाकघरात, चुलीवरच्या खुंटीला अडकवली होती. धुरानं पाठीवरचा सात पिवळा पडला होता, आणि आई खाली पोळ्या लाटत होती.